गंधक सोसणारा अ‍ॅनोड: बनवायचा कसा, तपासायचा कसा

गळीत हंगामात पंढरपूरकडून सोलापूरला येताना एखादी डिस्टिलरी जवळ आली की गाडीच्या काचा आपोआप वर जातात. सडक्या अंड्याचा तो वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड (पुढे यालाच मी कधी 'गंधकवायू', कधी नुसतं 'गंधक' म्हणतो), आणि त्याचं मूळ बऱ्याच अंशी साखरेच्याच घरात आहे. पांढरी साखर काढायला आपल्याकडे उसाच्या रसातून सल्फर डायऑक्साइड सोडतात. त्यासाठी कारखान्यात गंधक जाळायची भट्टीच असते. त्यातला काही गंधक मळीत उतरतो, मळीतून डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्यात, जातो आणि बंद डायजेस्टरमध्ये सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचा हा वायू करून देतात. शेणाच्या गोबरगॅसमध्ये तो शेकडो ते काही हजार पीपीएम (दशलक्षात इतके भाग) असतो. स्पेंटवॉशच्या गॅसमध्ये तो टक्क्यांत मोजावा लागतो.

या गॅसवर उच्च तापमानाचा फ्यूएल सेल (इंधनातून थेट वीज करणारं साधन), म्हणजे एसओएफसी, चालवावा असं आपल्या भागातल्या प्रत्येक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कधी ना कधी वाटतं. वाटायलाही हवं. तासाला एक घनमीटर गॅस आणि त्यात ६०% मिथेन धरला, तर साधारण ६ युनिट रासायनिक ऊर्जा हातात येते. निम्मी जरी विजेत आली तरी ३ किलोवॅट. अडतं ते गंधकापाशी.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. गंधक खाऊन जगणारा अ‍ॅनोड, म्हणजे सेलचा इंधनाकडचा थर, शोधत बसू नका. आपल्याला हवा तो चूक पोटात घालणारा अ‍ॅनोड. गॅस साफ करणारं लोखंडाच्या गंजाचं भांडं रात्री संपलं आणि सकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं, तर मधल्या काळात सेल मरू नये, एवढंच काम त्याच्याकडून घ्यायचं. निवड, बनवणं, चाचणी, सगळं याच हिशोबाने करायचं आहे.

आधी कागदावर: निकेल नेमकं कशाने मरतं

नेहमीचा अ‍ॅनोड म्हणजे निकेल आणि यट्रिया मिसळलेला झिर्कोनिया यांचं सच्छिद्र मिश्रण. निकेल इलेक्ट्रॉन वाहून नेतं, झिर्कोनिया ऑक्सिजनचे आयन आणतो, छिद्रांतून इंधन येतं. तिघं जिथे भेटतात त्या रेषेवरच प्रक्रिया घडते. गंधकाचा अणू नेमका तिथल्या निकेलवर येऊन बसतो.

किती निकेल झाकलं जातं याचा अंदाज काढायला १९८१ साली अल्स्ट्रुप, रोस्ट्रुप-नील्सन आणि रोएन यांनी दिलेलं समीकरण आजही कामाला येतं:

व्याप्ती = १.४५ − (०.००००९५३ × त) + (०.००००४१७ × त × ल)

इथे 'त' म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान आणि 'ल' म्हणजे हायड्रोजन सल्फाइड व हायड्रोजन यांच्या दाबांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम. ८०० °से. म्हणजे १०७३ केल्व्हिन घ्या, हायड्रोजनमध्ये फक्त १ पीपीएम गंधकवायू धरा. उत्तर येतं ०.७३. दशलक्षात एक भाग, आणि निकेलचा जवळजवळ पाऊण पृष्ठभाग झाकलेला! तेच ६०० °से.ला करून बघा, ०.८६ येईल. तापमान उतरलं की गंधक अधिक घट्ट बसतो. म्हणून 'आमचा अ‍ॅनोड इतके पीपीएम सोसतो' असं वाक्य तापमानाशिवाय कोणी लिहिलं असेल, तर ते वाचून पुढे चला. गुणोत्तरात हायड्रोजनही आहे, हे विसरू नका. हायड्रोजन पातळ झाला की तेवढाच गंधक जास्त झोंबतो.

हे चिकटणं बरंचसं उलटवता येतं; स्वच्छ इंधन दिलं की सेल सावरतो. पण गंधक हजारो पीपीएमवर गेला तर निकेलचं खरोखर सल्फाइड बनतं. निकेल आणि त्याच्या सल्फाइडचं मिश्रण सुमारे ६४० °से.लाच वितळू लागतं, म्हणजे अ‍ॅनोडची घडणच विस्कटते. तिथून परत येणं नाही.

पदार्थाची निवड

उमेदवार पुष्कळ आहेत. मी त्यांच्याकडे स्थळ बघायला गेल्यासारखं बघतो: गुण सगळेच सांगतात, खोड आपण शोधायची.

तांबं आणि सेरिया (सेरियमचं ऑक्साइड) ही जोडी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गोर्ट आणि व्होस यांनी पुढे आणली. २०००च्या सुमारास त्यांनी हायड्रोकार्बन थेट वापरून दाखवले. तांब्याला गंधकाची ओढ निकेलपेक्षा कमी, आणि कार्बनही त्यावर साचत नाही. ८०० °से.ला काहीशे पीपीएमपर्यंत ही जोडी टिकते, त्यापुढे सेरियाचंच ऑक्सिसल्फाइड होऊ लागतं. खोड अशी की तांबं १०८५ °से.ला वितळतं, त्यामुळे इलेक्ट्रोलाइटबरोबर (अ‍ॅनोड आणि कॅथोड यांच्यामधला, ऑक्सिजनचे आयन वाहणारा झिर्कोनियाचा थर) १४०० °से.ला भाजता येत नाही, आणि ८०० °से.लाही त्याचे कण हळूहळू गोळा होतात.

गुडइनफ यांच्या गटाने २००६ साली स्ट्रॉन्शियम-मॅग्नेशियम-मॉलिब्डेनमचा दुहेरी पेरोव्स्काइट (ठरावीक स्फटिकरचनेचा ऑक्साइड) मांडला. लिथियम बॅटरीसाठी २०१९चं नोबेल मिळालं तेच हे गुडइनफ. पदार्थ देखणा आहे, पण झिर्कोनियाशी त्याचं पटत नाही. मध्ये सेरियाचा थर घालावा लागतो. लँथॅनम घातलेले स्ट्रॉन्शियम टायटॅनेट गंधकाला फार दाद देत नाहीत, त्यांनी हजारो पीपीएम सोसल्याचे अहवाल आहेत. पण उत्प्रेरक म्हणून ते आळशी. त्यांच्यात थोडं निकेल आणि सेरिया घालावाच लागतो, म्हणजे प्रश्न पुन्हा दारात. जॉर्जिया टेकमध्ये मेइलिन लिऊ यांच्या गटाने २००९ साली दाखवलेल्या बेरियम झिर्कोनेट-सेरेटची गंमत वेगळी आहे. त्यात यट्रियम आणि यटर्बियम घातलेलं असतं. त्याच्या पृष्ठभागावर पाणी धरून ठेवलं जातं आणि ते गंधकाला ऑक्साइड करून पळवून लावतं. मला तो सगळ्यात हुशार पदार्थ वाटतो. पण बेरियम आणि कार्बन डायऑक्साइड यांची जुनी दोस्ती आहे, आणि आपल्या बायोगॅसमध्ये तो ३५-४०% असतो. इथे वापरायचाच असेल तर ती चाचणी आधी करा.

सोलापुरातल्या साध्या प्रयोगशाळेसाठी मी सांगेन: नेहमीचाच निकेल-झिर्कोनिया अ‍ॅनोड घ्या आणि त्याच्या छिद्रांत गॅडोलिनियम मिसळलेला सेरिया मुरवा. चमत्कार होत नाही. पण सेरिया आयन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही वाहतो, त्यामुळे प्रक्रिया फक्त निकेलच्या काठावर अडून राहत नाही, आणि तो ऑक्सिजन पुरवून बसलेला गंधक उठवायला मदत करतो. साधी मफल भट्टी, मायक्रोपिपेट आणि व्हॅक्यूम डेसिकेटर एवढ्यावर हे होतं.

सेलचा पाया

अर्धे सेल, म्हणजे अ‍ॅनोड आणि इलेक्ट्रोलाइट जोडलेल्या चकत्या, विकत मिळतात. पैसे असतील तर घ्या, सहा महिने वाचतील. स्वतः करायचं तर निकेल ऑक्साइड आणि झिर्कोनिया वजनाने ६०:४०, इथेनॉलमध्ये २४ तास बॉल मिल, आणि छिद्रांसाठी वजनाच्या १०% स्टार्च. स्टार्च म्हटल्यावर सोलापूरकराला यंत्रमागाच्या सुताला लावायची खळ आठवणार. तो मोह टाळा. खळीत इतर बरंच काही मिसळलेलं असतं. ज्वारीचं पीठ तर नकोच, त्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस सेलमध्ये मुरतं. प्रयोगशाळेचा शुद्ध स्टार्च घ्या. तो जळून जाताना ६०० °से.पर्यंत मिनिटाला १ अंशाने चढा, नाहीतर चकती पापडासारखी फुगते. त्यावर झिर्कोनियाचा पातळ थर देऊन १४०० °से.ला ४ तास भाजा, मग कॅथोड, म्हणजे हवेकडचा थर, ११०० °से.च्या आसपास.

मुरवण

१ मोलर द्रावण २० मिलि करायचं. सेरियम नायट्रेट हेक्झाहायड्रेट ६.९५ ग्रॅम, गॅडोलिनियम नायट्रेट हेक्झाहायड्रेट १.८१ ग्रॅम, थोडं ग्लायसिन, द्रावण आत शिरावं म्हणून ओलावा धरणाऱ्या साबणासारख्या द्रव्याचा एक थेंब. पाणी डीआयोनाइज्डच. बोअरच्या पाण्याने करून बघितलेल्या माझ्या पहिल्या खेपेत भाजल्यावर पांढरे डाग उठले होते. हे नायट्रेट उघडी बाटली ठेवली की ओलावा ओढतात, म्हणून वजन पटकन करा.

आता हिशोब. २० मिमी व्यासाचा, अर्धा मिमी जाड अ‍ॅनोड, त्यात २५% पोकळी धरली तर आत मावतं जेमतेम ४० मायक्रोलिटर, आणि त्यातून उरतो सुमारे ७ मिग्रॅ सेरिया. अ‍ॅनोडचं वजन पाऊण ग्रॅम. ५% सेरिया हवा तर सहा खेपा. दोन खेपांत उरकू म्हणून जास्त द्रावण ओतलं की ते वरच साय धरतं, छिद्रं बुजतात आणि इंधन आत पोचत नाही.

एक खेप अशी असते: चकती डेसिकेटरमध्ये अ‍ॅनोड वर करून ठेवायची, हवा ओढायची, मग बाजूच्या नळीतून थेंब सोडायचा. हिरवी चकती थेंब पडल्याबरोबर गडद होते, कडेने बारीक बुडबुडे येतात आणि पाच-सात सेकंदांत चमक जाऊन पृष्ठभाग मॅट दिसतो. चमक राहिली तर द्रावण जास्त झालं, फिल्टर पेपरच्या कडेने टिपून घ्या. ८० °से.ला वाळवा, ४५० °से.ला तासभर भाजा, थंड झाल्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. वजन वाढलंच नाही तर पुढची खेप करू नका, छिद्रं बंद झालीत. शेवटी एकदा ७५०-८०० °से.

हे सगळं निकेल ऑक्साइड अवस्थेतच. आधी हायड्रोजनमध्ये निकेल करून घेतलं आणि मग हवेत ४५० °से.ला भाजलं तर निकेल पुन्हा ऑक्साइड होताना आकारमानाने सुमारे ७०% फुगतं आणि इलेक्ट्रोलाइट तडकतो. पांढऱ्या थरावर केसासारखी रेघ दिसली की तो सेल गेला.

वायूला हात लावण्याआधी

यात घाई नको. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, म्हणजे वास थांबला की धोका गेला असं नव्हे, उलट. डिटेक्टर गुडघ्याच्या उंचीवर लावा, इशारा १० पीपीएमवर ठेवा. सिलिंडर हायड्रोजनमधला १०० पीपीएमचाच मागवा. एवढ्याशा चकतीच्या सेलला त्याहून तीव्र ठेवायचं कारण नाही. बाहेर जाणारा वायू मोरचुदाच्या द्रावणातून सोडा. द्राक्षबागेच्या फवारणीमुळे मोरचूद आपल्याकडे कुठेही मिळतो, आणि निळं द्रावण काळं पडू लागलं की गंधक येतोय हे डोळ्यांनी दिसतं. उरलेला हायड्रोजन छपराबाहेर.

गॅसची लाइन, जिथे बहुतेक प्रयोग फसतात

माझा पहिला निकाल फार सुंदर होता. ५ पीपीएम गंधक, १२ तास, व्होल्टेज जागचं हललं नाही. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. मग सेलच्या तोंडाशी लेड अ‍ॅसिटेटची ओली पट्टी धरली; गंधक लागला की ती काळी पडते. पट्टी पांढरीशुभ्र. गंधक सेलपर्यंत पोचतच नव्हता. दोन मीटर सिलिकॉन नळी आणि पितळी जोड तो वाटेतच पिऊन टाकत होते.

तेव्हापासून नियम असे. रेग्युलेटर स्टेनलेस स्टीलचा, पितळ कुठेही नाही. थंड भागात टेफ्लॉनची नळी, शक्य तेवढी आखूड. चाचणीआधी रात्रभर तोच वायू बाजूच्या वाटेने सोडून नळ्या तृप्त होऊ द्या. आणि पट्टी काळी पडल्याशिवाय वहीत 'गंधक सुरू' असं लिहू नका.

१०० पीपीएमच्या सिलिंडरमधून १० पीपीएम हवे तर मिनिटाला १० मिलि त्यातून आणि ९० मिलि स्वच्छ हायड्रोजन. १ पीपीएमला मात्र १ मिलि लागतो, आणि बऱ्याच मास फ्लो कंट्रोलरचा (वायूचा प्रवाह मोजून सोडणारं यंत्र) तिथे भरवसा नसतो. तेव्हा १० पीपीएमचा वेगळा सिलिंडर घ्या.

गंधकाचा वायू पाण्याच्या बुडबुड्याच्या बाटलीनंतर मिसळा. बाटलीतून नेला तर तो पाण्यात विरघळतो.

त्या बाटलीबद्दल अजून एक. पुस्तकात लिहिलेलं असतं: खोलीच्या तापमानाला बुडबुडे काढले की ३% वाफ मिळते. ती खोली २५ °से.ची. एप्रिलच्या दुपारी आपल्या प्रयोगशाळेत ४२ °से. असतं आणि तेव्हा बाटली ८ टक्क्यांच्या वर वाफ देते. ८०० °से.ला ३% वाफेसह सेलचं उघडं व्होल्टेज (प्रवाह न घेता मिळणारं) सुमारे १.१० व्होल्ट यायला हवं. ८ टक्क्यांच्या वर ते १.०५ व्होल्टच्या आसपास उतरतं. मुलं सील गळतंय म्हणून दोन दिवस सील बदलत बसतात. बाटली थर्मोस्टॅटमध्ये ठेवा, प्रश्न मिटला. सगळं ठीक असून व्होल्टेज १ व्होल्टच्या खाली असेल, तर मात्र गळतीच शोधा.

अ‍ॅनोडच्या बाजूला चांदीची तार वापरू नका. भट्टीबाहेरच्या थंड टोकाला ती पेटीत पडून राहिलेल्या पैंजणासारखी काळी पडते आणि रोध वाढतो. सोनं महाग आहे, पण एकच तार वर्षानुवर्षं चालते.

चाचणी

८०० °से.ला हळूहळू हायड्रोजन देऊन निकेल ऑक्साइडचं निकेल करा, मग स्थिर प्रवाहावर, समजा ०.३ अँपियर प्रति चौ. सेंमी, २४ तास फक्त स्वच्छ इंधनावर चालवा. हा दिवस वाया गेला असं वाटतं, पण सेलची स्वतःची घसरण किती ते कळल्याशिवाय गंधकाच्या माथी काय मारणार?

मग गंधक सुरू. पहिल्या काही मिनिटांत व्होल्टेज झपकन उतरतं, पुढे तासन्‌तास सावकाश घसरतं. पहिला भाग निकेलवर बसणाऱ्या गंधकाचा, दुसऱ्यात अ‍ॅनोडची घडणही बदलत असते. दर तासाला इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, मोजा; त्यातून रोधाचे दोन भाग वेगळे दिसतात: पदार्थ आणि संपर्कांचा ओहमिक, आणि प्रक्रियेचा ध्रुवीकरणाचा. ओहमिक रोध जागेवर आणि ध्रुवीकरणाचा रोध वाढला तर दोष उत्प्रेरकाचा. दोन्ही वाढले तर तारा आणि संपर्क तपासा.

आकडे मांडताना स्वतःला फसवणं सोपं आहे. व्होल्टेज ०.७० वरून ०.६३ वर आलं, म्हणजे शक्ती १०% घटली, असं लिहिलं जातं. पण १.१० पासून मोजलं तर सेलमधली तूट ०.४० ची ०.४७ झाली, म्हणजे आतला रोध साडेसतरा टक्के वाढला. प्रबंधात दोन्ही आकडे द्या. आणि शेजारी तशाच परिस्थितीत, सेरिया न मुरवलेला सेल चालवा, तुलनेला तोच.

लाइट गेली तर

जाणारच. भट्टी थंड होत असताना हायड्रोजनचा कंट्रोलरही बंद पडतो, हवा मागून शिरते आणि निकेल परत ऑक्साइड होतं. म्हणून नायट्रोजनमध्ये ५% हायड्रोजन असलेला सिलिंडर हाताने उघडायच्या पिवळ्या सुईझडपेसह कायम जोडलेला ठेवा, वीज गेल्यावर आपोआप बंद होणारी झडप गंधकाच्या लाइनवर बसवा, आणि रात्रपाळीला जो असेल त्याला एकच वाक्य पाठ करून द्या. आमच्या मामांना ते इतकं पाठ झालंय की फोनवर ते मलाच सांगतात, "सर, लाइट गेली, पिवळी झडप उघडली, गंधक बंद आहे, तुम्ही झोपा."

सेल उघडताना

गंधक बंद करून, स्वच्छ हायड्रोजनमध्येच थंड करा. गंधक चालू ठेवून थंड केलं तर उतरत्या तापमानाला निकेल सल्फाइड तयार होतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते ८०० °से.ला नव्हतंच.

मॉलिब्डेनमचा अ‍ॅनोड असेल तर ईडीएसवर (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखणारी पद्धत) विसंबू नका. गंधकाची रेषा २.३१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, मॉलिब्डेनमची २.२९ला, यंत्र एकाला दुसरा म्हणतं. तिथे रामन किंवा तरंगलांबीवर चालणारी डब्ल्यूडीएस पद्धत वापरा.

रात्रपाळीची चाचणी

आता मूळ मुद्द्यावर. २% गंधकवायूचा एक घनमीटर गॅस तासाला आला, तर त्यात २८ ग्रॅम हायड्रोजन सल्फाइड असतो, दिवसाला ६७० ग्रॅम. एक किलो फेरिक ऑक्साइड कागदोपत्री ६४० ग्रॅम पकडतो, प्रत्यक्षात कमी. म्हणजे तेवढ्याशा सेलला रोज किलोच्या वर गंज लागणार. (वापरलेला गंज उघड्यावर ओतू नका, हवा लागली की तो तापून पेट घेऊ शकतो.) त्यामागे ३५०-४०० °से.चा झिंक ऑक्साइडचा थर लावला की गंधक १ पीपीएमच्या खाली जातो. ही रचना कोणत्याही अ‍ॅनोडला चुकणार नाही.

म्हणून शेवटची चाचणी अशी लावा: सेल स्वच्छ इंधनावर स्थिरावला की रात्री दहाला ५० पीपीएम सुरू, सकाळी सहाला बंद. मग सोळा तास स्वच्छ. असं सलग पाच रात्री. प्रत्येक सकाळी किती उतरला हे लिहा, पण त्याहून महत्त्वाचं, रात्री दहा वाजेपर्यंत किती परत आला ते लिहा. साधा निकेल-झिर्कोनिया आणि सेरिया मुरवलेला, दोघांचे पाच-पाच आकडे एकाच आलेखावर काढा. पहिल्या रात्रीचा फरक पाहून हुरळून जाऊ नका. पाचव्या रात्रीनंतर जो सेल मूळ व्होल्टेजच्या जवळ परततो, त्याच्यासाठी पुढचा सिलिंडर मागवा.